बॉडीगार्डचं ट्रेनिंग घ्यायचंय. साताऱ्यातला कोर्स बघितलाय, पैसे भरू का?

कोडोलीकर

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याचा, वय २३, बी.ए. झालंय. दोन पोलीस भरत्या दिल्या. दोन्ही वेळा ग्राउंड चांगलं निघालं, लेखीत मार खाल्ला. दुसऱ्या वेळी चार मार्कांनी राहिलो. बाबा एमआयडीसीत कामाला आहेत, बहिणीचं लग्न ठरतंय. तिसऱ्या भरतीची वाट बघत घरी बसणं आता जमणार नाही.

शहरात एक क्लास आहे. 'व्हीआयपी बॉडीगार्ड कोर्स', २१ दिवस, रोज सकाळी तीन तास, फी ४२,००० रुपये. पिस्तूल ट्रेनिंग देणार, प्रमाणपत्र देणार, मुंबईत शंभर टक्के नोकरी लावणार असं म्हणतात. फोटो बघून मन ओढ घेतंय हे खरं. आई पतसंस्थेतली ठेव मोडायला तयार आहे, म्हणूनच भीती वाटते. तिचे पैसे आहेत.

हे काम मला मनापासून करायचं आहे. लहानपणापासून कुणाच्या तरी पाठीशी उभं राहायची आवड आहे, दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. या लाइनमधलं कुणी असेल तर सांगा. कोर्स कसा ओळखायचा? तयारी काय करायची? उंची १७४, वजन ७१, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत पळतो.

तालीमवाला

भावा, शरीर तयार आहे तुझं. तालमीत ये, सहा महिने जोर-बैठका आणि खुराक. छाती बघूनच निम्मी माणसं मागं सरतात. पैसे मात्र आत्ता भरू नको, आधी जाणत्यांना बोलू दे.

सुभेदार_काका

बाळा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. २६ वर्षं फौजेत काढली, गाव अपशिंग्याच्या शेजारचं. निवृत्तीनंतर मुंबई-पुण्यात सात वर्षं पीएसओ, म्हणजे खाजगी अंगरक्षक म्हणून काम केलं. तेवढ्या अनुभवावर लिहितो, सावकाश वाच.

खाजगी सुरक्षेचा कायदा २००५ चा आहे. लाइनमध्ये सगळे त्याला 'पसारा' म्हणतात, इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून. एजन्सीला परवाना लागतो तो या कायद्याखाली, आणि परवान्याशिवाय एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. गार्ड व्हायला वय १८ ते ६५, चारित्र्य पडताळणी आणि ठरवून दिलेलं प्रशिक्षण हवं. केंद्राच्या आदर्श नियमांत हे प्रशिक्षण १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर, किमान २० कामाच्या दिवसांत पसरलेलं, असं आहे. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ४० आणि १६ तासांचा छोटा कोर्स चालतो.

आता तूच गणित कर. रोज तीन तास, २१ दिवस. ६३ तास झाले. १६० कुठं आणि ६३ कुठं? म्हणजे साध्या गार्डला जेवढं शिकवायला हवं तेवढंही त्यात बसत नाही, बॉडीगार्डची गोष्ट तर पुढचीच. आणि गार्डला प्रशिक्षण मिळालंय हे बघायची जबाबदारी कायद्याने एजन्सीवर टाकली आहे. म्हणून परवान्याची एजन्सी बऱ्याचदा स्वतःच शिकवते. मग ४२ हजार कशाचे, हे त्या क्लासवाल्याला विचार.

पिस्तुलाचं. शस्त्र परवाना २१ वर्षांखालच्याला मिळत नाही. तू २३ चा आहेस, तरी आपल्याकडे तो जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो, क्लासमधून नाही. नियमांतल्या अभ्यासक्रमातसुद्धा बंदूक हाताळणं ऐच्छिक आहे. प्रथमोपचार, आग, गर्दी, ओळखपत्र तपासणं, संशयास्पद वस्तू ओळखणं, एफआयआर कसा नोंदवतात, स्वसंरक्षणाचा हक्क किती, हे सक्तीचं. कोर्सवाले पिस्तूल पुढं करतात आणि प्रथमोपचार मागं ठेवतात, तिथंच माणूस ओळखावा.

शारीरिक निकष तुला जड नाहीत. पुरुषांना १६० सें.मी. उंची, छाती ८० आणि फुगवून चार सें.मी. जास्त, सपाट तळवे नकोत, रंगांधळेपणा नको, एक किलोमीटर सहा मिनिटांत. तू हे झोपेतून उठून करशील. म्हणून म्हणतो, तुझी तयारी पायांत कमी पडत नाही, ती दुसरीकडे करायची आहे. ते उद्या लिहितो, आज डोळे दुखतायत.

कोडोलीकर

काका, हे तासांचं गणित माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आई शेजारी बसून ऐकत होती, तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. ठेव मोडलेली नाही. 'दुसरीकडे तयारी' म्हणजे काय, वाट बघतो.

मिरजकरीण

काकांनी कायदा सांगितला, मी रस्त्यावरचं सांगते. मी मिरजेची, वय ३४, कॉलेजला कबड्डी खेळायचे. आठ वर्षं झाली, एका उद्योजक कुटुंबातल्या बायका-मुलांबरोबर ड्युटी करते. बायका या कामात कमी आहेत आणि मागणी आहे, हे वाचणाऱ्या मुलींसाठी मुद्दाम लिहिते. बाथरूमच्या दारापर्यंत, ट्रायल रूमपर्यंत, बाळंतपणाच्या वॉर्डपर्यंत पुरुष पीएसओ जाऊ शकत नाही. मी जाते.

मला ज्यांनी शिकवलं त्या सरांनी पहिला आठवडा एक ठोसासुद्धा मारायला लावला नाही. रोज संध्याकाळी सांगलीत मारुती रोडला न्यायचे. ते पुढे चालायचे, मी हातभर मागे, त्यांच्या उजव्या खांद्याच्या रेषेत. दहा मिनिटांनी चहाच्या टपरीवर थांबवून विचारायचे, "आत्ता समोरून आलेल्यांपैकी कुणाचे हात दिसत नव्हते?" पहिल्या दिवशी मला एकही सांगता आला नाही. मी चेहरे बघत होते. सर म्हणाले, चेहरा खोटं बोलतो, इजा हाताने होते. हात बघ, मग कंबर, मग चेहरा. उन्हाळ्यात जाड जॅकेट घातलेला माणूस, सगळे मंचाकडे बघत असताना मंचाकडे पाठ करून उभा राहिलेला, दोनदा वेगवेगळ्या कोपऱ्यावर दिसलेला तोच माणूस. तिसऱ्या आठवड्यात डोळा आपोआप तसा फिरायला लागला. अजून भाजी घ्यायला गेले तरी तसाच फिरतो.

माझी चूक सांगते, तुला उपयोगी पडेल. नोकरीचं दुसरं वर्ष. एका मंगल कार्यालयात मॅडमबरोबर लग्नाला गेले. अ‍ॅडव्हान्सला, म्हणजे आदल्या दिवशी जागा बघायला, मी स्वतः गेले होते. पुढचा दरवाजा, स्टेज, जेवणाचा हॉल, पार्किंग बघितलं. मागे एक गेट होतं, तेही लांबून बघितलं आणि वहीत 'मागे गेट आहे' असं लिहिलं. लग्नात वीज गेली. जनरेटरचा धूर हॉलमध्ये भरला आणि मॅडमना दम्याचा झटका आला. पुढच्या दारात वरात, घोडा, डीजेची गाडी. मी मॅडमना धरून मागच्या गेटकडे नेलं, तर गेटला कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला. मॅडमचा पंप त्यांच्या पर्समध्ये, पर्स स्टेजजवळच्या खुर्चीवर. गाडीत बसायला आम्हाला २२ मिनिटं लागली. मिरजेत दवाखाने जवळ आहेत म्हणून निभावलं. हल्ला झाला नव्हता, कुणी शत्रू नव्हता, पण माझं माणूस माझ्या हातात निळं पडत होतं.

त्यानंतर मी दार 'बघत' नाही, उघडून बघते. किल्ली कुणाकडे, त्याचा मोबाइल नंबर काय, तो जेवायला किती वाजता जातो, हे लिहिते. आणि पंप माझ्या खिशात असतो.

तालीमवाला

ताई, ऐकून अंगावर काटा आला. तरी माझा मुद्दा सोडत नाही. वेळ आलीच तर ताकदच लागते ना? आपली माती पैलवानांची आहे. कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने, गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं. त्या अंगाला काहीच किंमत नाही का?

मिरजकरीण

किंमत आहे दादा, मी स्वतः रोज पळते. ७० किलोचं माणूस बखोट धरून गाडीत घालायला ताकदच लागते. पण कुस्तीत समोरच्याला चीत करायचं असतं. आमच्या कामात समोरच्याला तिथंच सोडून आपलं माणूस घेऊन निघायचं असतं. मी त्याच्याशी झोंबत राहिले तर मॅडम एकट्या पडतात, आणि दुसरा कुणी असेल तर त्याचं काम सोपं होतं. पैलवानाला हे अंगवळणी पाडायला जास्त वेळ लागतो, कारण मागं हटणं त्याच्या रक्तात नसतं. सरांच्या हाताखाली दोन पैलवान होते, दोघांचं हेच झालं. पुढे त्यातला एक फार चांगला पीएसओ झाला.

सुभेदार_काका

ताईंनी माझं निम्मं काम केलं. 'कव्हर करा आणि काढा', एवढीच शिकवण आहे, बाकी सगळा तिचा विस्तार. दोन प्रसंग सांगतो, दोन्हींचा व्हिडिओ आहे.

३० मार्च १९८१, वॉशिंग्टन. अध्यक्ष रेगन हॉटेलमधून बाहेर पडले आणि हल्लेखोराने सहा गोळ्या झाडल्या. सगळं १.७ सेकंदांत आटोपलं. त्यांच्या अंगरक्षकांपैकी जेरी पार यांनी अध्यक्षांना गाडीत ढकललं. दुसरे अंगरक्षक टिम मॅकार्थी गोळीच्या दिशेला तोंड करून हातपाय फाकवून उभे राहिले आणि पोटात गोळी घेतली. पण मला त्यापेक्षा मोठी गोष्ट गाडी सुटल्यानंतरची वाटते. व्हाईट हाऊसकडे निघालेली गाडी पार यांनी दवाखान्याकडे वळवली, कारण अध्यक्षांच्या तोंडातून फेसाळ रक्त येताना त्यांनी बघितलं. फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, हे ओळखता आलं म्हणून माणूस वाचला. सांग आता, प्रथमोपचार मोठा की पिस्तूल?

दुसरा प्रसंग ८ जुलै २०२२ चा, जपानमधलं नारा शहर. माजी पंतप्रधान शिंझो आबे रस्त्यावर भाषण करत होते, पाठीमागची बाजू मोकळी होती. पहिली गोळी चुकली. दुसरी सुटायच्या आधी अडीच सेकंदांच्या आसपास वेळ होता. त्या वेळात आबे आवाजाकडे वळले, पण कुणी त्यांना खाली पाडलं नाही. अडीच सेकंद फार असतात बाळा. घरी मोबाइलवर लावून बघ, तेवढ्या वेळात दोन पावलं टाकून माणूस खाली घेता येतो. तेही सराव असेल तरच.

आणि आपल्या जिल्ह्यातलं तर पोराटोरांना पाठ आहे. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा.' १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगड. सय्यद बंडाचा वार जिवा महालांनी अडवला हे आपण सांगतो, सांगायलाच हवं. पण भेटीची जागा महाराजांनी ठरवली होती, शामियाना त्यांनी उभारून घेतला होता, दोन्हीकडे अंगरक्षक किती आणि ते किती लांब उभे राहणार हे आधी ठरलं होतं, आणि सय्यद बंडा जवळ दिसताच त्याला दूर करायला लावलं होतं. जिवा महालांचा तो एक क्षण या सगळ्या तयारीच्या टोकाला आला. अ‍ॅडव्हान्स म्हणजे काय हे मी नव्या पोरांना याच गोष्टीवरून शिकवायचो, लगेच समजायचं.

रस्त्याचंही तसंच. मी साहेबांबरोबर पुण्याहून साताऱ्याला यायचो तेव्हा येताना खंबाटकीचा घाट आणि जाताना बोगदा. घाटात एक ट्रक आडवा झाला की मागं फिरता येत नाही. म्हणून शिरवळ सोडायच्या आधी पुढं फोन करून घाट मोकळा आहे का विचारायचं, नाही तर तिथंच थांबायचं. शिरवळला दवाखाना कुठला, वाई फाट्याजवळ कुठला, आनेवाडी टोलनंतर साताऱ्यात शिरायला किती मिनिटं, हे ड्रायव्हरला आणि मला दोघांनाही पाठ. सात वर्षांत एकदाही हल्ला झाला नाही. एकदा साहेबांची साखर उतरली, एकदा टायर फुटला, आणि दोनदा दारू प्यायलेले लोक अंगावर आले. दोन्ही वेळा हात जोडून, गोड बोलून वाट काढली.

कायद्याची एक गोष्ट राहिली. आपल्याला पोलिसांचे अधिकार नाहीत. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, दुसऱ्याच्या शरीराचा बचावही त्यात येतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा केली तर तू आरोपी. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला धरता येतं, मात्र विनाविलंब, सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावं लागतं. त्याला कोंडून मारहाण केली की नोकरी तर गेलीच, पडताळणीचा दाखलाही गेला. पोलिसांसारखी किंवा लष्करासारखी वर्दी घालणं हाही गुन्हा आहे. फोटोतले ते कमांडो पोशाख बघून भुलू नको.

विटेकर_गलाई

पैसे देणाऱ्याच्या बाजूने लिहितो. आमचं गाव विट्याजवळ, धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा, तीन पिढ्या तामिळनाडूत. सोनं घेऊन जाताना माणूस बरोबर ठेवावा लागतो. आधी आम्ही दांडगा माणूस शोधायचो. एक जण असा ठेवला, त्याने स्टेशनवर मोबाइलवर स्वतःचा फोटो टाकला आणि खाली 'पार्टीबरोबर अमुक गाडीने' असं लिहिलं. त्याला काही वाईट करायचं नव्हतं, मिरवायची हौस होती. आम्ही ती गाडी सोडली आणि दुसऱ्या दिवशी निघालो.

आता जो माणूस आहे तो बघितला तर शाळामास्तर वाटतो. कमी बोलतो, घरातलं बाहेर नेत नाही, मुलांची नावं कुणाला सांगत नाही. त्याला आम्ही पगार वाढवून देतो, तो मागत नाही तरी. कोडोलीकर, मालक विश्वास विकत घेतो. तोंड बंद ठेवायचा सराव आजपासून कर, फेसबुकवरचे फोटो आधी काढ.

मिरजकरीण

हे सोन्यासारखं लिहिलंत.

कोडोलीकर, आता तुझ्यासाठी सरळ. आधी प्रथमोपचाराचा कोर्स कर, जिथं पुतळ्यावर हाताने करून घेतात तिथंच. छातीवर दाब मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सें.मी. खोल, दोन मिनिटं केलं की हात भरून येतात, ते अंगाला कळू दे. रक्त थांबवायला आधी जखमेवर थेट दाब. हातापायाचं रक्त तेवढ्याने थांबत नसेल तर जखमेच्या वर पट्टा आवळायचा, सांध्यावर नाही, आणि वेळ लिहून ठेवायची. मग चारचाकीचं लायसन्स, नसेल तर. इंग्रजी-हिंदी बोलता येईल एवढं. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र ऑनलाइन अर्ज करून काढून ठेव.

आणि सुरुवात बॉडीगार्डने होत नाही. परवान्याच्या एजन्सीत साधा गार्ड म्हणून लाग. दवाखान्याच्या किंवा मॉलच्या पॉइंटवर वर्षभर उभा राहा. बारा-बारा तास, रिलीव्हर आला नाही तर डबल ड्युटी, पाय सुजतात, कुणी नाव विचारत नाही. मी दवाखान्याच्या गेटवर १४ महिने होते. चिडलेल्या नातेवाइकांशी बोलायला मी तिथं शिकले. पेशंट गेल्यावर धावून येणारा मुलगा मारायला आलेला नसतो, त्याला कुणीतरी धरायला हवं असतं. ते मला कुठल्याही कोर्समध्ये शिकवलं नसतं.

कोडोलीकर

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा.

त्या क्लासमध्ये गेलो. परवान्याची प्रत मागितली, 'मुंबईच्या ऑफिसला आहे' म्हणाले. तास किती म्हटल्यावर 'क्वालिटी बघ, तास काय बघतोस' म्हणाले. प्रथमोपचार कोण शिकवतं विचारलं तर व्हिडिओ दाखवतात. शंभर टक्के नोकरीचं लिहून द्या म्हटलं, तिथंच बोलणं संपलं. निघताना फी २५ हजारांवर आली. आईची ठेव आहे तिथंच आहे.

प्रथमोपचाराचा दोन दिवसांचा कोर्स केला. ताई, दोन मिनिटांचं तुम्ही लिहिलेलं खरं आहे, दीड मिनिटातच खांदे भरले. आता रोज उशीवर करतो. रोज संध्याकाळी राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत हात बघत चालतो. मित्राला पुढे चालवतो. काल त्याने विचारलं तेव्हा चार जण सांगता आले.

कुपवाडला एका परवान्याच्या एजन्सीने बोलावलंय, परवाना सरकारी पोर्टलवर बघून घेतला. साधा गार्ड, प्रशिक्षण त्यांचंच, फी नाही. सोमवारी मुलाखत. काय घालून जाऊ?

मिरजकरीण

फिकट शर्ट, गडद पँट, घासलेले बूट, चालताना आवाज न करणारे. गॉगल नको, कडं-साखळी नको. अर्धा तास आधी पोच. मुलाखतीत न येणाऱ्या गोष्टीला 'येत नाही, शिकेन' म्हण.

तालीमवाला

आणि सकाळी पोटभर खाऊन जा. माझ्याकडून पुढच्या रविवारी तालमीत दूध पक्कं. येताना ते हात बघायचं शिकवायला ये आमच्या पोरांना.

सुभेदार_काका

यशस्वी हो. झालं की इथं कळव.

कोडोलीकर

झाली मुलाखत. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून प्रशिक्षण, २० दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. आधी पोचलो होतो म्हणून इमारतीला चक्कर मारली. तीन दारं आहेत. मागच्याला कुलूप होतं, किल्ली कँटीनच्या मावशींकडे असते. त्या दीड वाजता घरी जातात, मग किल्ली रिसेप्शनच्या खणात.

मुलाखतीत साहेबांनी शेवटी विचारलं, "ऑफिसात काय काय बघितलंस?" एवढंच सांगितलं.